बचावजहाजांचे सुटे भाग जहाजाबरोबरच घ्यावेत

संपादक महोदय,

सादर नमस्कार विनंती विशेष.

एखादी पाणबुडी बेपत्ता झाली किंवा एखादी युद्धनौका प्रवाळखडकावर चढून बसली, की चार दिवस बचावजहाजांची नावे वर्तमानपत्रांत झळकतात. त्यांची लांबी किती, त्यांची उपकरणे किती मीटर खोल उतरू शकतात, घटनास्थळी पोहोचायला किती तास लागतील, हे सारे तपशिलाने छापले जाते. त्या जहाजांच्या पोटातल्या कोठारात कोणते सुटे भाग आहेत, कोणते संपले आहेत आणि कोणते नावापुरते शिल्लक असूनही निकामी झाले आहेत, हे मात्र कुठेच येत नाही. आणि माझ्या अनुभवाप्रमाणे बचावाचे यशापयश पुष्कळदा तिथेच ठरते. नोकरीची बहुतेक वर्षे जहाजांच्या इंजिनखोलीत आणि शेवटची काही वर्षे सुट्या भागांच्या कोठारात काढलेला मी एक निवृत्त अभियंता आहे. नौदलांनी बचाव आणि सॅल्व्हेजची, म्हणजे रुतलेल्या-बुडालेल्या नौका सोडवण्याची, जहाजे बांधून घेताना त्यांचे सुटे भाग जहाजाच्या संपूर्ण आयुष्याचा हिशेब करून तेव्हाच घ्यावेत, आणि पुढे त्यांची मोजदाद करताना नग किती यापेक्षा ते किती जुने आहेत व चालतात का हे पाहावे, एवढीच माझी मागणी आहे. ती का, हे सांगण्यासाठी थोडी जागा द्यावी, ही विनंती.

ही जहाजे लढत नाहीत. बंद पडलेली नौका ओढून आणणे, खडकावर रुतलेली नौका सोडवणे, पाण्याने भरलेले कप्पे उपसणे, आग विझवणे, पाणबुडे, म्हणजे पाण्याखाली काम करणारी माणसे, खाली उतरवणे, बुडालेली वस्तू वर काढणे आणि अडकलेल्या पाणबुडीतून माणसे बाहेर आणणे, ही त्यांची कामे. फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेची क्रूझर ‘पोर्ट रॉयल’ होनोलुलूच्या विमानतळाजवळ प्रवाळखडकावर रुतली, तेव्हा तिला ओढून काढण्यात ‘सॅल्व्हर’ या सॅल्व्हेज जहाजाचा मोठा वाटा होता. १९९६ मध्ये न्यूयॉर्कजवळ समुद्रात कोसळलेल्या प्रवासी विमानाचे अवशेष वर काढण्यासाठी ‘ग्रास्प’ आणि ‘ग्रॅपल’ ही ‘सॅल्व्हर’चीच भावंडे राबली. असे काम वर्षानुवर्षे येत नाही, आणि येते तेव्हा क्षणाचीही उसंत देत नाही. या जहाजांच्या देखभालीचे सगळे वेगळेपण यातच आहे.

एका दोराची किंमत काय असते, हे १९३९ सालच्या एका घटनेवरून कळते. त्या वर्षी २३ मे रोजी अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळ ‘स्क्वालस’ ही पाणबुडी चाचणीच्या वेळी पाण्याने भरली आणि सुमारे ७४ मीटर खोल तळाला जाऊन बसली. मागच्या भागातले २६ जण बुडाले; पुढच्या भागात ३३ जण जिवंत होते. ‘फाल्कन’ हे बचावजहाज दुसऱ्या दिवशी तिथे पोहोचले आणि त्याने मॅककॅन बचावकक्ष, म्हणजे पोलादी घंटेसारखी एक खोली, दोराने खाली सोडली. पहिल्या खेपेत ७ माणसे वर आली, दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेत प्रत्येकी ९. चौथ्या खेपेला उरलेली ८ माणसे आणि कक्ष चालवणारे दोघे वर येत असताना मध्येच दोर अडकला. ती अडचण सोडवेपर्यंत वर ओढणाऱ्या पोलादी दोराचे पीळ उसवू लागल्याचे दिसले आणि दहा माणसे असलेला तो कक्ष पुन्हा तळाशी न्यावा लागला. पाणबुड्यांनी खाली जाऊन दुसरा दोर जोडायचा प्रयत्न केला, पण त्या थंडगार काळोखात तो साधला नाही. अखेर यंत्राचा धक्का टाळण्यासाठी डेकवरच्या खलाशांनी तो झिजलेला दोर हातांनी, वीत वीत करून ओढला आणि आतल्यांनी कक्षाचे वजन जपून कमी करत नेले. चार तासांहून अधिक वेळ हे चालले होते. मध्यरात्र उलटल्यावर सगळे ३३ जण ‘फाल्कन’च्या डेकवर होते. ही कथा धैर्याची म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. तीन खेपांत ज्याने २५ माणसे वर आणली, तो दोर चौथ्या खेपेला अवघ्या काही तारांवर आला होता, हे मात्र माझ्यासारख्याच्या मनातून जात नाही.

त्यानंतर नऊच दिवसांनी, १ जून १९३९ रोजी, ब्रिटनची ‘थेटिस’ ही नवी पाणबुडी लिव्हरपूलच्या उपसागरात चाचणीच्या वेळी बुडाली. तिचा शेपटाकडचा भाग पाण्याबाहेर दिसत होता. मदतीला आलेल्या जहाजाने त्याला पोलादी दोर बांधून तो वर धरून ठेवायचा प्रयत्न केला. दोर तुटला आणि पाणबुडी पाण्याखाली गेली. आतल्या १०३ जणांपैकी चौघे सुटले, ९९ दगावले. मुळात ती भरली कशी, याचा शोध घेतल्यावर जे सापडले तेही एवढेसेच होते: पाणतीर सोडण्याच्या नळीत पाणी आहे की नाही हे पाहण्यासाठी ठेवलेले बारीक छिद्र रंगाने बुजले होते. केवळ दोर तुटला म्हणून ते ९९ जण गेले असे मी म्हणणार नाही, कारण त्या दुर्घटनेत चुकांची साखळी होती. पण दोन देशांतल्या या दोन घटनांत माणसांचा जीव दोरावर टांगलेला होता, ही गोष्ट खरी आहे.

आता स्वतः पाहिलेली एक गोष्ट सांगतो. जहाज कोणते आणि कुठले, हे सांगण्याचा इथे प्रश्न नाही. मदतकार्यासाठी राखून ठेवलेल्या एका जहाजावर उपशाचा सराव होता. शेजारच्या तराफ्याच्या टाकीत पाणी भरून ठेवले होते आणि सहा इंची डिझेल पंपाने ते उपसायचे होते. इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झाले, आवाज खणखणीत होता, पण पाणी काही येईना. पंप पाण्याने भरून पुन्हा लावला. थोडा फेस आला आणि पुन्हा कोरडा. कुणी म्हणाले इंपेलर, म्हणजे पंपातले फिरते चाक, झिजला असेल, कुणी म्हणाले तळाची जाळी तुंबली असेल. जाळी वर काढून पाहिली, ती स्वच्छ होती. शेवटी आमच्यातल्या एका जुन्या फिटरने बादलीत साबणाचा फेस केला आणि तो शोषणाच्या होजच्या प्रत्येक जोडावर चोपडत गेला. दुसऱ्या जोडापाशी फेस आत ओढला गेला. कपलिंग उघडले, तर आतली रबरी कडी शिंग वाळावे तशी कडक झालेली. ओढून पाणी घेणाऱ्या कोणत्याही पंपाला वातावरणाचा दाबच पाणी वर ढकलून देतो. तो दाब अगदी आदर्श स्थितीतही जेमतेम दहा मीटरपर्यंत पोहोचतो आणि प्रत्यक्षात सहा-सात मीटरच पदरात पडतात. होजमध्ये केसाएवढ्या फटीतून हवा शिरली, की तेवढेही हातचे जाते.

मग कोठारातून नवी कडी आणली. वहीत सहा नग शिल्लक होते, फडताळातही सहाच होते, हिशेब चोख होता. पाकीट फोडले आणि कडी बोटांत वाकवली, तर ती तडकली. दुसरी तडकली, तिसरीही. सहाही कड्या जहाज बांधले गेले त्या वर्षीच्या होत्या. अखेर त्या फिटरने जाड रबराच्या पत्र्यातून चाकूने कडी कापली, दोन्ही बाजूंना ग्रीस लावून ती बसवली आणि पंपाने पाणी धरले. पाऊण तास गेला. सराव असल्यामुळे कुणाच्याही जिवावर बेतले नाही, आणि दुसऱ्या दिवशी वहीत सहाच्या जागी शून्य लिहून आम्ही मागणीपत्र भरले. पण ती टाकी नसून एखाद्या बुडत्या जहाजाची इंजिनखोली असती, तर त्या पाऊण तासात काय झाले असते, हा विचार पुढे कितीतरी रात्री माझ्या डोक्यात घोळत राहिला.

नेहमी चालणाऱ्या जहाजाचे भाग झिजून जातात. राखीव जहाजाचे भाग पडून पडून जातात. हा फरक खरेदीच्या आणि हिशेबाच्या टेबलावर बसलेल्यांना पटवून देणे मला नेहमीच जड गेले. ‘हा भाग पाच वर्षांत एकदाही लागला नाही, मग तो पुन्हा का घ्यायचा?’ हा त्यांचा प्रश्न मालवाहू जहाजाच्या बाबतीत रास्त असतो. बचावजहाजाला तो लावला की घात होतो. नायट्राइल रबराची ओ-रिंग, म्हणजे सांधे बंद करणारी गोल कडी, नीट साठवली तर साधारण पंधरा वर्षे भरवशाची मानतात. नैसर्गिक रबराचे आयुष्य त्याहून खूपच कमी. तेही कधी, तर ती पाकिटात बंद, अंधारात आणि थंडाव्यात ठेवली तर. चालत्या विद्युतमोटारींजवळ हवेत ओझोन तयार होतो आणि ताणलेल्या रबराला तो बारीक चिरा पाडतो; म्हणून मोटारखोलीच्या भिंतीवर खिळ्याला ओ-रिंगांचे झुबके टांगून ठेवणे म्हणजे त्या हाताने मारून टाकणे होय. मी अनेक ठिकाणी त्या तशाच टांगलेल्या पाहिल्या आहेत. राखीव पंपाचे किंवा मोटारीचे बेअरिंग न फिरता एकाच जागी राहिले आणि जहाजाच्या इंजिनांची थरथर त्याला सतत बसत राहिली, तर गोळ्यांचे ठसे कड्यांवर उमटतात आणि कधीही न चाललेले बेअरिंग पहिल्याच दिवशी घरघरू लागते. यावरचा उपाय एवढाच, की ठरावीक दिवसांनी तो दांडा हाताने थोडा फिरवून वेगळ्या जागी ठेवायचा आणि तारखेनिशी नोंद करायची. पोलादी दोर बाहेरून तेलकट, चकचकीत दिसतो, पण आतल्या गाभ्यातले वंगण वाळले आणि खारे पाणी मुरले की तो आतून गंजत जातो. बॅटऱ्या विद्युतभाराविना पडून राहिल्या की त्यांची धारणशक्ती घटते. डिझेल टाकीत वर्षभर पडले की त्यात ओल आणि गाळ धरतो आणि इंजेक्टरची तोंडे बुजतात. पाण्याखाली उतरणाऱ्या माणसांना हवा पुरवणाऱ्या कंप्रेसरच्या गाळणीतला कोळसा तास मोजून बदलायचा असतो हे सर्वांना ठाऊक असते. उघड्यावर राहिलेला कोळसा नुसत्या दमटपणानेही संपतो, हे मात्र विसरले जाते.

दुसरी अडचण संख्येची. मालवाहू जहाजांची इंजिने शेकड्यांनी बनतात आणि जगातल्या कुठल्याही मोठ्या बंदरात त्यांचे भाग मिळतात. सॅल्व्हेज जहाजे मात्र दोन, चार, फार तर दहा-बारा बांधली जातात आणि मग तीस-चाळीस वर्षे वापरली जातात. अमेरिकेच्या ‘सेफगार्ड’ वर्गातली चारही जहाजे विस्कॉन्सिनमधल्या स्टर्जन बे येथील पीटरसन बिल्डर्स या गोदीने बांधली आणि ती १९८५-८६ मध्ये सेवेत आली. ती गोदी १९९० च्या दशकातच बंद पडली. जहाजे मात्र पुढे कितीतरी वर्षे राबत होती. त्याआधीच्या पिढीतले ‘प्रिझर्व्हर’ १९४४ मध्ये सेवेत आले होते, आणि १९८६ मध्ये ‘चॅलेंजर’ अवकाशयान कोसळल्यावर अंतराळवीरांचा कक्ष समुद्रतळावरून वर काढण्याचे काम त्याच जहाजाने केले. ते बांधणारी कंपनी मुळात खडी-वाळूच्या व्यवसायातली होती आणि युद्धकाळात जहाजबांधणीत उतरली होती. रशियाच्या ‘कोमुना’ची कथा तर अचंबा वाटावा अशी आहे. पाणबुड्या उचलण्यासाठी बांधलेले हे दोन सांगाडे जोडून केलेले जहाज १९१३ मध्ये पाण्यात उतरले, १९१५ मध्ये सेवेत आले, आणि झारची राजवट, सोव्हिएत संघ व आजचा रशिया असे तीन झेंडे पाहून शंभर वर्षांनंतरही नौदलाच्या यादीत होते. अशा जहाजासाठी पत्र पाठवून भाग मागवता येत नाहीत. ज्यांनी भाग ओतला त्यांचा साचा गेलेला असतो, ज्यांनी साचा केला ते कारागीर गेलेले असतात, आणि आज एखाद्या ओतकाम कारखान्याला तीन नगांसाठी नवा साचा करायला सांगितले तर तो हात जोडतो.

मग काय होते? याची टोपी त्याच्या डोक्यावर. गोदीत दुरुस्तीला लागलेल्या जहाजाचा पंप काढून समुद्रात जाणाऱ्याला बसवायचा, आणि ते परतले की तोच पंप तिसऱ्याला द्यायचा. निकडीच्या वेळी मीही हे केले आहे आणि त्या वेळी दुसरा इलाज नव्हता. पण प्रत्येक वेळी भाग काढताना त्याचे गॅस्केट जाते, बोल्टांचे आटे दुखावतात, नळ्या ताणल्या जातात, आणि ज्या जहाजातून तो काढला ते परत उभे करण्याचे काम दुप्पट होते. शिवाय हे एकदा अंगवळणी पडले की सुटा भाग विकत घेण्याची निकड वरच्या पातळीवर कुणालाच जाणवत नाही, कारण कागदावर जहाज ‘सज्ज’ दिसत असते. दोन भावंडांपैकी एक कायमचे सांगाडा बनून गोदीत उभे राहते. आणि संकट दोन ठिकाणी एकदम आले, तर एकच जहाज हाताशी असते.

‘तत्सम’ भागांबद्दलही बोलले पाहिजे. मूळ भाग मिळत नाही म्हणून त्याच मापाचा, दिसायला तसाच दुसरा घेतला जातो. डेकवरच्या पाण्याच्या झडपेला तो चालून जाईल. पाण्याखाली उतरणाऱ्या माणसांच्या दाबकक्षाला किंवा प्राणवायूच्या नळ्यांना तो चालणार नाही. शुद्ध प्राणवायू दाबाखाली असेल तिथे साध्या तेलाचा किंवा ग्रीसचा लवलेशही आग लावू शकतो. त्यासाठीचे सील वेगळ्या पदार्थाचे असतात, वेगळ्या रीतीने धुऊन बंद पाकिटात येतात, आणि त्यांवर लावायचे वंगणही वेगळे असते. दोन ओ-रिंग शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना फरक कळत नाही. तो फरक पाकिटावरच्या चिठ्ठीतच असतो, म्हणून ज्याची चिठ्ठी फाटली तो भाग नाही असेच समजून टाकून द्यावा, असा दंडक मी माझ्या कोठारात पाळला. त्यावरून मला उधळ्या म्हणणारेही भेटले. तो दंडक बरोबर होता, असे मी आजही म्हणेन.

ऑगस्ट २००० मधली ‘कुर्स्क’ची दुर्घटना अनेक वाचकांना आठवत असेल. १२ ऑगस्टला बॅरेंट्स समुद्रात, १०८ मीटर खोलीवर ही अवाढव्य पाणबुडी स्फोटाने बुडाली. ११८ जण गेले. त्यांपैकी २३ जण स्फोटानंतरही मागच्या कप्प्यात काही तास जिवंत होते, हे नंतर सापडलेल्या चिठ्ठीतून कळले. रशियन बचावपथकाचे मुख्य जहाज ‘रुदनित्स्की’ हे मुळात लाकूड वाहणाऱ्या जहाजाच्या आराखड्यावरचे. खवळलेल्या समुद्रात स्थिर राहून छोटी बचावपाणबुडी सोडणे त्याला अवघड गेले. बचावपाणबुडीच्या बॅटऱ्या उतरत आणि त्या पुन्हा भरेपर्यंत थांबावे लागे. पुढे नॉर्वेहून आलेल्या, पाण्याखाली उतरणाऱ्या माणसांनी २१ ऑगस्टला मागचे झाकण उघडले. वेळेत पोहोचून ते २३ वाचले असते का, याचे उत्तर मी देणार नाही. पण समुद्र शांत असताना मिळालेला तास बॅटरी भरण्यात घालवावा लागणे ही कोठाराची हार आहे, एवढे मी निश्चित म्हणेन.

त्या घटनेनंतर जगाने एक चांगला धडा घेतला. पाणबुडीतून सुटका करणाऱ्या निरनिराळ्या देशांच्या साधनांचा ताळमेळ घालण्यासाठी ‘इस्मर्लो’ हे आंतरराष्ट्रीय कार्यालय उभे राहिले. पाणबुडीच्या सुटकेच्या झाकणाभोवतीची बैठक ठरावीक मापाची ठेवण्याचा संकेतही आज बऱ्याच नौदलांत पाळला जातो, म्हणजे एका देशाचे बचावयान दुसऱ्या देशाच्या पाणबुडीवर बसू शकते. एप्रिल २०२१ मध्ये इंडोनेशियाची ‘नांगाला’ ५३ जणांसह बुडाली तेव्हा सिंगापूरचे ‘स्विफ्ट रेस्क्यू’ निघाले, विशाखापट्टणमहून भारताचे बचावयानही निघाले. ती पाणबुडी ८३८ मीटर खोल तुकडे होऊन पडलेली आढळली आणि कुणालाच वाचवता आले नाही. तरीही शेजाऱ्याच्या हाकेला धावण्याची व्यवस्था उभी होती, याचे मोल आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये अर्जेंटिनाच्या ‘सान हुआन’साठी अमेरिकेने विमानांनी बचावकक्ष पाठवला, पण तो वाहून नेणाऱ्या ‘सोफी सीम’ या जहाजाच्या मागच्या भागात आधी कापाकाप आणि वेल्डिंग करावे लागले, त्यात मोलाचे दिवस गेले. ती पाणबुडी पहिल्याच दिवशी फुटली होती हे पुढे स्पष्ट झाले, म्हणून त्या दिवसांनी कुणाचा जीव गेला नाही. पुढच्या वेळी तसे असेलच, असे कोण सांगू शकेल?

झाकणाच्या बैठकीबाबत जे जमले ते होजच्या कपलिंगबाबत, पंपाच्या सीलबाबत, दाबकक्षाच्या झडपांबाबत का जमू नये, हा माझा प्रश्न आहे. मदतीला आलेल्या दुसऱ्या नौदलाच्या जहाजाची होज आपल्या पंपाला बसली पाहिजे, आणि त्यासाठीचे जोडतुकडे प्रत्येक बचावजहाजावर एका ओळखीच्या पेटीत असले पाहिजेत. हे काम अवघड नाही, खर्चिकही नाही. त्याला फक्त कुणीतरी बसून यादी करायला हवी.

भारतीय नौदलात जुलै २०२५ मध्ये ‘निस्तार’ हे नवे जहाज दाखल झाले. विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डने बांधलेले, ११८ मीटर लांबीचे, खोल समुद्रात उतरून काम करणाऱ्या माणसांसाठीचे आणि बचावयानाची वाहक नौका म्हणूनही काम करणारे हे जहाज आहे. त्यातला मोठा वाटा देशातल्याच उद्योगांनी पुरवला, यात अनेक लहान-मध्यम उद्योग आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. नेमक्या याच कारणाने मला आजच बोलावेसे वाटते. लहान कारखाना आज भाग देतो. वीस वर्षांनी तो दुसऱ्या कामाकडे वळलेला असू शकतो, मालक बदललेला असू शकतो. जहाज नवे असताना, आराखडे ताजे असताना आणि ते भाग हाताने घडवणारे कारागीर कामावर असतानाच पुढच्या तीस वर्षांची तजवीज स्वस्तात होते. आग लागल्यावर विहीर खणायला घेतली तर पाणी कधी लागणार? प्रत्येक महत्त्वाच्या भागाचे पूर्ण आराखडे, धातूची प्रत आणि चाचणीची कागदपत्रे जहाजाबरोबर नौदलाच्या मालकीची व्हावीत. ओतकामाचे साचे गोदीने किंवा कारखान्याने न मोडता नौदलाच्या ताब्यात द्यावेत. आणि एखादा भाग बनवणे थांबवण्यापूर्वी पुरवठादाराने पुरेशी आगाऊ सूचना द्यावी, म्हणजे शेवटची खरेदी करून ठेवता येईल, हे कराराच्या पहिल्या मसुद्यातच लिहिलेले असावे. करार झाल्यावर हे मागितले की दर पुरवठादार ठरवतो.

अलीकडे धातूचे भाग छापून घेण्याच्या (थ्री-डी प्रिंटिंगच्या) तंत्राबद्दल पुष्कळ बोलले जाते. अमेरिकेच्या ‘बटान’ या युद्धनौकेवर २०२२ मध्ये असे यंत्र बसवले गेले, आणि मला त्याचे कौतुक आहे. मात्र यंत्राला मापे लागतात, आणि मापे आराखड्यातच असतात. ज्या भागाचा आराखडाच हातात नाही, तो झिजलेल्या नमुन्यावरून मोजून छापला तर झीजही त्याच्याबरोबर छापली जाते. रबर, पोलादी दोर, बॅटरी यांना तर हे तंत्र सध्या फारसे उपयोगाचे नाही, आणि घात नेमका तिथेच होतो.

जहाज आणि कोठार यांची फारकत करूनही काही साधते, हे अमेरिकन नौदलाच्या अनुभवावरून दिसते. आणीबाणीच्या सॅल्व्हेज साहित्याची त्यांची स्वतंत्र गोदामे देशात आणि परदेशातही आहेत. पंप, होज, जनरेटर, ओढयंत्रे, तेल आवरण्याची साधने तिथे सज्ज ठेवलेली असतात आणि तिथली माणसे ती तपासून, चालवून पाहतात. जहाज दूर असले तरी साहित्य विमानाने जवळच्या बंदरात नेता येते. लहान नौदलांना प्रत्येक भाग प्रत्येक जहाजावर ठेवणे परवडत नाही. शेजारी देशांनी मिळून असे एखादे सामायिक गोदाम चालवले, तर ते सर्वांनाच परवडेल.

शेवटी एक अगदी व्यवहारातली सूचना. बचावजहाजांच्या वार्षिक तपासणीत कोठाराची वही आणि फडताळ जुळते का, एवढेच आज बहुधा पाहिले जाते. त्याऐवजी तपासणी करणाऱ्याने यादीतले दहा भाग स्वतः बोट ठेवून निवडावेत, ते त्याच दिवशी पाकिटातून काढून यंत्राला बसवायला लावावेत आणि यंत्र पूर्ण भारावर तासभर चालवून घ्यावे. जो भाग बसला नाही, तडकला किंवा गळला, त्या पूर्ण खेपेचे सगळे नग वहीतून त्याच दिवशी खोडावेत आणि नवे येईपर्यंत जहाजाच्या सज्जतेच्या दाखल्यावर त्या भागाचे नाव लाल शाईने लिहिलेले राहावे. या तपासणीत वापरले गेलेले दहा भाग ‘वाया गेले’ म्हणून कोठारपालाकडे खुलासा मागितला जाऊ नये, असेही त्याच आदेशात स्पष्ट लिहावे.

आपला नम्र,
एक निवृत्त जहाज अभियंता